सोलापुरातली दारं टिपताना: ऊन, अंतर, उंबरठा

सोलापुरात दारांचे फोटो काढायला आणि त्या दारांशी जोडलेल्या घरच्यांच्या आठवणी टिपायला निघताना आम्ही आधी बघतो ते दाराचं तोंड कुठं आहे. पूर्वेला, दक्षिणेला की उत्तरेला, यावर त्या दाराची वेळ ठरते आणि कधी कधी महिनाही. शहर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य जेमतेम ४९ अंशांपर्यंत चढतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेच्या अंगाला असतो. त्यामुळं हिवाळाभर सावलीत असलेलं उत्तरेचं दार मे-जूनच्या सकाळी ऊन अंगावर घेतं. इथली खरी दुपार, म्हणजे सूर्य सगळ्यात उंच असण्याची वेळ, घड्याळातल्या बाराला होत नाही, हेही धरून चालावं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होते, फेब्रुवारीच्या मध्याला बारा-चाळीसला.

मोकळ्या मैदानात एवढं पुरलं असतं. कसब्यातल्या आणि शुक्रवार पेठेतल्या बोळांत समोरच्या घराचाही हिशेब लागतो. पूर्व-पश्चिम जाणारी तीन मीटर रुंदीची गल्ली आणि समोर सहा मीटर उंचीचं दुमजली घर धरा. दक्षिणेकडं तोंड असलेल्या दाराच्या मध्यापर्यंत ऊन पोचायला सूर्य सुमारे ५९ अंश वर यावा लागतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो तेवढा चढतच नाही. ते साडेतीन महिने त्या दारावर दिवसभर एकसारखा सावलीतला उजेड असतो, आणि आख्खं दार एका चौकटीत घ्यायला तोच सगळ्यात चांगला. फळ्यांचा रंग खरा येतो, छज्जाची सावली आडवी कापत नाही, उंबरठ्याच्या कोपऱ्यातलाही तपशील दिसतो.

कोरीवकाम मात्र या उजेडात सपाट दिसतं. गणेशपट्टी (दारावरची गणपती कोरलेली आडवी पट्टी), चौकटीवरची वेलबुट्टी, लोखंडी फुल्या यांना उठाव यायला ऊन भिंतीला घासून जावं लागतं, भिंतीशी दहा ते वीस अंशांच्या तिरक्यात. पूर्वेच्या दाराला असं ऊन खऱ्या दुपारच्या आधीच्या दीड तासात मिळतं आणि त्यातली चांगली वेळ साधारण चाळीस मिनिटं. अडचण छज्जाची असते. वर फूटभर पुढं आलेला पत्रा असला, तर वीस अंशांच्या उन्हात त्याची सावली पावणेतीन फूट खाली उतरते आणि पहिली बुडते ती गणेशपट्टीच. अशा वेळी पट्टीचा नाद सोडून खालच्या फळ्यांवरच्या फुल्या घ्याव्यात आणि पट्टीसाठी वेगळा मार्ग काढावा. तो मार्ग म्हणजे दोन बाय तीन फुटांचा पांढरा थर्माकोल. गल्लीत उन्हाचा कवडसा पडलाय तिथं तो धरायचा आणि उजेड एका बाजूनं पट्टीवर वळवायचा. धरायला दुसरं माणूस लागतं. गल्लीतली पोरं हे काम फार मनापासून करतात.

एका दिवसासाठी बाहेरगावाहून येणाऱ्याला सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोयीची, कारण ती सकाळी सोलापुरात आणून सोडते. पहिला प्रहर जुन्या कसब्याला द्यावा. शहराच्या वेशी आज नावातच उरल्यात, बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, कुंभार वेस. पण त्या नावांच्या आतल्या बाजूला फिरलं की जुनं गाव कसं दाटीनं वसलं होतं ते पायांना कळतं. मधला मारुती, चाटी गल्ली, फलटण गल्ली हा भाग बाजाराचा. दुकानं उघडली की दारांपुढं माल येतो, म्हणून तिथलं काम नऊच्या आत संपवायचं. दुपारनंतर पूर्व भागाकडं जावं. साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ, अशोक चौकाचा परिसर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. इथं खाली यंत्रमाग आणि वर किंवा मागं घर, अशी रचना अजून सापडते.

दोन्हीकडची दारं वेगळी वागतात. कसब्यातल्या वाड्याचं दार जाड भिंतीत खोल बसलेलं असतं. चौकट आत, बाहेर दगडाची किंवा चुन्याची कमान, दोन्ही अंगांना दिव्याच्या देवळ्या, खाली ओटा. मोठ्या दाराच्या एका फळीत वाकून आत जायची दिंडी. त्या खोलीमुळं चौकटीच्या आतल्या कडा बाहेरच्या भिंतीपेक्षा निदान दोन पायऱ्यांनी काळ्या येतात (फोटोतली पायरी म्हणजे स्टॉप; एका पायरीला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो). पूर्व भागातलं दार भिंतीच्या तोंडालाच असतं, ऑइलपेंटनं रंगवलेलं, आणि ते चमकतं. तिथं फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग ठरलेला. आकाशाचा उजेडही त्या रंगावर परावर्तित होतो; लेन्सवर पोलरायझर लावून फिरवला आणि दारासमोरून थोडं बाजूला सरकलं तर ही चमक बरीच कमी होते. बरोबर समोरून पोलरायझर फारसा उपयोगी पडत नाही. माग चालू असताना घराची जमीन थरथरते, त्यामुळं ट्रायपॉडवर ठेवूनही १/८ सेकंदाचा फोटो किंचित हलतो. माग थांबेपर्यंत वाट बघावी, नाहीतर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवून १/१२५ वर यावं.

परवानगीचं बोलायचं तर, दार रस्त्यावरून दिसतं म्हणून ते आपलं होत नाही. आज्जी ओट्यावर असतील तर आधी रामराम, मग कॅमेरा. "आज्जी, दाराचा फोटो काढू का? माणसं घेत नाही, नुसतं दार." बहुतेक वेळा पहिला प्रश्न येतो, "कशाला काढायलाय? पाडायचं हाय का काय?" हा प्रश्न खरा आहे. जुन्या वाड्यांत भाऊबंदांच्या वाटण्या चालू असतात, भाडेकरू आणि मालक कोर्टात असतात, कुणी दार विकत मागून गेलेलं असतं. म्हणून खिशातला टेप आधी कधीच काढायचा नाही. टेप दिसला की माणसांना मोजणी आठवते आणि दार पुढं होतं. आधी फोटो, तो त्यांना कॅमेऱ्यावर दाखवायचा, मग "उंबरठ्याचं माप घेऊ का?" असं विचारायचं. बायका ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या असतील तर त्यांना उठायला लावू नये. त्यांचं काम हजारावर मोजलं जातं, वेळ त्यांचा आहे. पडदा लावलेल्या दाराचा पडदा बाजूला करायला सांगू नये. तो पडदाही त्या दाराचाच भाग आहे, तसाच घ्यावा.

आता अंतर. दार, चौकट, वरची पट्टी, खालची पायरी आणि दोन्ही अंगांची थोडी भिंत मिळून साधारण तीन मीटर उंची चौकटीत यावी लागते. फुल फ्रेम (३६×२४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरला तर ५० मिमी लेन्सला ४.२ मीटर मागं जावं लागतं, ३५ ला २.९ आणि २४ ला दोन मीटर. तीन मीटरच्या गल्लीत समोरच्या भिंतीला पाठ टेकवून ३५ कसाबसा बसतो. म्हणून आमच्या पिशवीत ३५ आणि २४ एवढ्याच लेन्स असतात. फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ मिमीच्या जवळचा असतो, त्याला सव्वादोन मीटर पुरतात. ०.५ची रुंद लेन्स शक्यतो टाळावी. ती दार बसवते खरी, पण कडेच्या गोष्टी ताणते. उंबरठा आहे त्याहून लांब दिसतो, आणि फोन जरा वर झुकला तरी फळ्या वरच्या बाजूला अरुंद दिसतात. घरच्या माणसाला असा फोटो दाखवला की त्याला आपलं दार ओळखू येतं, पण काहीतरी बिनसलंय हेही लगेच कळतं.

कॅमेऱ्याची उंची दाराच्या मध्याला हवी, म्हणजे जमिनीपासून एक ते सव्वा मीटर. डोळ्यांच्या उंचीवरून खाली झुकवून काढला की चौकटीच्या उभ्या बाजू खाली मिटतात, गुडघ्यावर बसून वर बघत काढला की वर मिटतात. नंतर संगणकावर सरळ करता येतं, पण तेव्हा कडा कापल्या जातात, आणि कापली जाते ती नेमकी पायरी. आडवं तिरकेपण टाळायला आम्ही सुतळी वापरतो. सुतळीचं एक टोक चौकटीच्या डाव्या पायाशी धरायचं, दुसरं लेन्सपर्यंत ताणायचं, तिथं गाठ मारायची. मग तेच टोक उजव्या पायाशी. गाठ लेन्सला पोचली नाही किंवा पुढं गेली, तर कॅमेरा एका अंगाला आहे. दोन मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही ॲपपेक्षा खात्रीचं. जुन्या घरांत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. चौकट स्वतःच कललेली असू शकते. पाया खचतो, काळ्या मातीत पावसाळ्यात फुगणं आणि उन्हाळ्यात आक्रसणं चालूच असतं. मग स्पिरिट लेव्हलवर विश्वास ठेवायचा, चौकटीवर नाही. कललेलं दार फोटोत सरळ केलं तर भिंत आणि रस्ता तिरके होतात, आणि घराची खरी अवस्था लपते.

उजेडाची मापं अशी. मोकळ्या सावलीत एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप), १/६० सेकंद आणि आयएसओ १०० पुरतो. खोल बोळात तेच ठेवून आयएसओ ४००. कॅमेऱ्याचं मीटर मात्र दारांच्या बाबतीत फसतं. तेल पिऊन काळं झालेलं सागवानी दार चौकटभर असलं की मीटर त्याला करडं करू बघतं, आणि लाकूड राखेच्या रंगाचं येतं. तिथं पाऊण ते एक पायरी कमी करायची. उलट, भोवती पांढरी चुन्याची भिंत जास्त असली की दार काजळासारखं येतं, तिथं पाऊण पायरी वाढवायची. शंका असेल तर तीन फोटो, एकेका पायरीच्या फरकानं. रंगाचा खरा त्रास समोरच्या घराकडून होतो. पेठांमध्ये भिंती गुलाबी, पोपटी, आकाशी असतात. उन्हात तापलेली समोरची गुलाबी भिंत आपला रंग सावलीतल्या दारावर टाकते. डोळ्याला ते जाणवत नाही, फोटोत मात्र हिरवं दार मळकट दिसतं. पहिल्या फोटोत दाराला टेकवून करडं कार्ड घ्यावं. वहीचा पांढरा कागद चालत नाही. त्यात निळसर चमक आणणारं द्रव्य असतं आणि त्यावरून रंग जुळवला तर सगळं पिवळं पडतं.

फोननं काढणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. फोन आपोआप सावल्या उजळतो, त्यामुळं जुनं लाकूड प्लॅस्टिकसारखं गुळगुळीत होतं. दारावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढायची, आणि रॉ फाइल (फोननं फेरफार न केलेली मूळ नोंद) मिळत असेल तर तीच ठेवायची. दुसरं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना उन्हात धरलेला फोन आधी पडदा मंद करतो आणि मग कॅमेराच बंद करतो. दोन दारांच्या मध्ये तो कापडात गुंडाळून सावलीत ठेवावा.

इथवरचं सगळं दार नीट दिसावं म्हणून. आठवणींसाठी लागतात त्या जागा वेगळ्या असतात, आणि त्या कोरीवकामात फारशा नसतात. माणसाचा हात आणि पाय जिथं रोज लागला तिथं त्या असतात. म्हणून प्रत्येक दाराचे निदान तीन जवळचे फोटो घ्यावेत: कडी, उंबरठा आणि चौकटीची हाताच्या उंचीची कड.

कडीकडं नीट बघा. जुन्या दाराला साखळी असते, फळीच्या वरच्या अंगाला अडकवलेली, आणि कोयंडा वर चौकटीत. दार उघडं असताना साखळी लोंबते आणि प्रत्येक हालचालीबरोबर लाकडावर घासते. त्यामुळं साखळीच्या टोकाशी फळीवर एक बारीक अर्धगोल खाच पडते; काही दारांवर ती करंगळीचं पेर बुडेल इतकी खोल असते. खाचेच्या आतलं लाकूड भोवतीपेक्षा उजळ असेल तर कडी अजून रोज वापरात आहे. खाच काळी, धुळीनं भरलेली असेल तर त्या घरानं कधीच आतून दुसरा बोल्ट बसवलाय. ही वरची कडी मुद्दाम उंच असायची, लहान मुलांनी परस्पर दार उघडून बाहेर पडू नये म्हणून. तिला हात पोचला की पोर मोठं झालं, असा घरातला हिशेब होता, आणि साठी-सत्तरीतली माणसं हा हिशेब फोटो बघताक्षणी सांगायला लागतात. कडीचा फोटो बाजूनं येणाऱ्या उजेडात, एफ ५.६ ते ८ वर, शेजारी सहा इंची पट्टी धरून घ्यावा. आणि फोनवर दहा सेकंदांचा आवाज जरूर घ्यावा. साखळी कोयंड्यात पडल्याचा, फळी चौकटीवर आपटल्याचा, आणि दार बिजागरीऐवजी वर-खाली लाकडाच्या टोकांवर फिरत असेल तर त्याची कुरकुर. कित्येकांना फोटो बघून जे आठवत नाही ते या आवाजानं आठवतं.

उंबरठ्याचं माप दोन प्रकारे घ्यायचं, जमिनीपासून उंची आणि मधल्या झिजेची खोली. एक सरळ पट्टी उंबरठ्यावर आडवी ठेवायची आणि मधोमध खाली किती फट राहते ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. झीज मध्यावर नसून एका बाजूला असेल, तर रोज एकच फळी उघडली जायची. बहुतेक जुन्या घरांत असंच असतं. दुसरी फळी खालच्या खिटीनं बंद, ती लग्नाला, मोठं कपाट आत घेताना किंवा घरातलं माणूस शेवटचं बाहेर नेताना उघडायची. काही उंबरठे मध्येच फूटभर कापलेले दिसतील, पुढं सिमेंटचा उतार. दुचाकी आत घेण्यासाठी. वास्तूचं नुकसान म्हणून हे फोटोतून वगळणारे आहेत. आमच्या मते तो कापच आवर्जून घ्यावा, कारण घरात पहिली गाडी कधी आली ते त्याच्यावरून बोलायला निघतं.

पूर्व भागात उंबरठा पिवळा असतो. हळद लावलेली, तिच्यावर कुंकवाचे ठिपके, पुढं मुग्गू, म्हणजे तेलुगू घरांतली रांगोळी. शुक्रवारी सकाळी हळद ताजी असते, आठवडाभरात पुसट होत जाते; म्हणून उंबरठ्यासाठी शुक्रवार, साडेसात ते नऊ. आता पुष्कळ घरांत पिवळ्या ऑइलपेंटवर लाल-पांढरे ठिपके कायमचे काढलेले असतात. दोन्ही घ्यावेत, आणि टिपणात कुठला कुठला ते लिहावं, कारण फोटोत फरक कळत नाही. हा पिवळा रंग कॅमेऱ्याला जड जातो. कॅमेऱ्यातली लाल रंगाची नोंद भरून वाहते आणि ठिपक्यांच्या कडा विरतात. अर्धी पायरी कमी ठेवली की कडा राहतात. वर चौकटीला टांगलेला कोहळा फोटोच्या बाहेर ठेवू नये. नजर लागू नये म्हणून बांधलेला असतो, त्याच्यावरच्या हळद-कुंकवाच्या पट्ट्या फिकट झाल्या की तो कधीचा आहे याचा अंदाज येतो.

चौकटीची हाताच्या उंचीची कड म्हणजे रंगांचं दप्तरच. तिथं टवका उडालेला असतो आणि टवक्याच्या कडेला थर दिसतात. वर चॉकलेटी, खाली हिरवा, त्याखाली निळा, मग लाकूड. क्रम वरून खाली लिहून घ्यावा. "तुमचं दार आधी निळं होतं का?" एवढं विचारलं तर काका थबकतात, आणि मग तो निळा कुणाच्या लग्नात मारला होता ते निघतं. याच उंचीवर खडूच्या खुणाही असतात. पल्स पोलिओच्या पथकानं लिहिलेलं पी किंवा फुली, घराचा क्रमांक, तारीख, पुढच्या घराकडं बाण. पुसू नयेत, फोटोसाठी तर मुळीच नाही. फोटो कुठं लावणार असाल तर नावाची पाटी आणि वीजमीटरचा क्रमांक झाकावा.

विचारायचे प्रश्नही ठरवून ठेवलेले बरे. "दार किती जुनं?" याला "लई जुनं" एवढंच उत्तर येतं. "रात्री कडी कोण लावायचं?" याला नाव येतं. "दोन्ही फळ्या शेवटच्या कधी उघडल्या?" याला आख्खा प्रसंग येतो, कधी आनंदाचा, कधी नाही. म्हणून हा प्रश्न आधी विचारू नये, आणि उत्तर सुरू झालं की कॅमेरा खाली ठेवावा. मुंबईला किंवा पुण्याला गेलेल्या मुलांना याच दारासमोर निरोप दिलेला असतो. सोलापुरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण त्या चालू होत्या तेव्हाची शिफ्टची वेळ अजून काही घरांत दाराशी जोडून सांगतात: भोंगा झाला की कुणी कडी काढायची, डबा उंबरठ्याच्या आत द्यायचा की बाहेर. हे सगळं जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत, तिथंच लिहावं. संध्याकाळी आठवून लिहिलं की ते आपल्या भाषेत येतं आणि त्यातली चव जाते.

गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत, जानेवारीत, बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यापासून सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात. मिरवणुकीच्या रस्त्यावरची दारं त्या दिवशी धुतलेली, पुढं रांगोळ्या, ओट्यांवर माणसं. दारांचं मोजून-मापून काम त्या दिवशी होत नाही. पण एरवी बंद असणाऱ्या दोन्ही फळ्या तेव्हा उघडतात, आणि एवढ्यासाठी तरी जावं. सकाळी लवकर, रांगोळी पुरी व्हायच्या वेळेला.

भुईकोट किल्ल्याच्या दरवाजांचं काम वेगळं. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यानं ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, म्हणून हातात धरूनच काढायची तयारी ठेवावी. कमानीखाली अंधार आणि पलीकडं भगभगीत ऊन, हा फरक एका फोटोत मावत नाही. दोन-दोन पायऱ्यांच्या फरकानं तीन फोटो घ्यायचे, भिंतीला खांदा टेकवून, आणि नंतर जोडायचे. किंवा सूर्य उगवायच्या सुमारास जायचं, तेव्हा आत-बाहेरचा फरक कमी असतो. किल्ल्याच्या दरवाजाशी घरगुती आठवणी निघत नाहीत, त्यामुळं आमचा मुक्काम तिथं थोडाच.

याच्या अगदी उलट टोकाला कुंभारीची कामगार वसाहत. विडी कामगार महिलांसाठी बांधलेली गोदूताई परुळेकर वसाहत १०,००० घरांची. तिच्याच पुढचं रे नगर. तिथल्या पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. जुनी दारं टिपणारे इकडं फिरकत नाहीत, आणि तिथंच त्यांचं चुकतं असं आम्हाला वाटतं. एकाच मापाचं, एकाच रंगाचं दार हजारो घरांना मिळतं आणि लगेच बदलायला लागतं. कुणी बाहेरून लोखंडी जाळीचं दार बसवतं, कुणी उंबरठ्याला हळद लावतं, कुणी टाइलवर देव चिकटवतं, कुणी शेजारी गाडीसाठी उतार करतं. वाड्याच्या दारावर हे सगळं घडून गेल्यावर आपण पोचतो; इथं ते घडताना दिसतं. एक ओळ निवडावी, वीसेक दारं, सगळी त्याच लेन्सनं, त्याच अंतरावरून, त्याच उंचीवरून. वर्षानं पुन्हा तीच ओळ. अंतर बदललं तर तुलना फुकट जाते, म्हणून सुतळीची गाठ जपून ठेवायची.

टिपण छोटं असलं तरी चालतं, पण त्याच दिवशी हवं. आमची एक ओळ अशी असते: "उत्तर कसबा, दक्षिणमुख, सावली, ३५ मिमी, २.९ मी., कॅमेरा ११० सेंमी, उंबरठा ७ इंच, झीज डावीकडे ९ मिमी, थर चॉकलेटी-हिरवा-निळा, आवाज आहे, बोलणं आहे." फाइलच्या नावात आधी तारीख, मग पेठ, मग दाराचा अनुक्रम. घरमालकाचं नाव फाइलच्या नावात घालू नये. फाइल कुठं कुठं जाते ते आपल्या हातात राहत नाही.

शेवटचं काम छपाईचं, आणि ते टाळू नये. फोनवर दाखवलेला फोटो आज्जी हातभर लांब धरतात आणि परत देतात. कागदावरचा मांडीवर ठेवून बोट लावून बोलतात. ४×६ इंच लहान पडतो, ८×१२ चांगला. इथं लॅबमध्ये एक घोळ हमखास होतो. कॅमेऱ्याच्या फोटोचं प्रमाण ३:२ असतं, ते ४×६ आणि ८×१२ मध्ये पुरतं बसतं. ५×७ मागितलं तर मशीन उंचीतून सुमारे सात टक्के कापतं, ८×१० मध्ये जवळजवळ सतरा. तीन मीटर उंचीच्या चौकटीत सतरा टक्के म्हणजे अर्धा मीटर: वरून पाव मीटर, खालून पाव मीटर. पायरी आणि उंबरठा दोन्ही गेले. फोनचा फोटो ४:३ असतो, तो ४×६ वर छापला की रुंदीतून अकरा टक्के जातात आणि देवळ्या अर्ध्या होतात. म्हणून लॅबवाल्याला स्पष्ट सांगायचं, "कापू नका, पांढरी कड सोडून पूर्ण छापा." कागद मॅट घ्यावा, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची रेघ दिसते आणि बोटांचे ठसे उठतात. मागं तारीख आणि पेठ लिहायला सीडीवर लिहायचा बारीक मार्कर लागतो. साध्या पेनची शाई त्या कागदावर सुकत नाही आणि खालच्या फोटोला लागते. दोन प्रती काढायच्या. एक घरात द्यायची, दुसरी टिपणाच्या वहीत, मागं सुतळीचं माप लिहून, पुढच्या दिवाळीनंतर रंग बदलला की त्याच जागी उभं राहायला.